ताईची प्लेट, धाकटीचा जबडा

जपूनरावांच्या घरात नवीन वस्तू येतच नसे, असं कुणी म्हणू नये. येत असे, पण ती एकदाच येई आणि ताईसाठी येई. ताई वाढली की वस्तू धाकटीकडे जाई. धाकटीही वाढली की त्या वस्तूचं पायपुसणं होई, मग लादीचं फडकं, मग उशीतला भराव. इतकं होऊनही ती टाकायची वेळ आली, तर जपूनराव ती एकदा उलटसुलट करून बघत आणि म्हणत, "राहू दे अजून."

जपूनराव हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. एका मोठ्या सरकारी कचेरीत ते स्टोअरकीपर होते. कचेरीत कुणाला नवी पेन्सिल हवी असली, तर त्याने आधी जुन्या पेन्सिलीचं थोटूक आणून दाखवायचं. जपूनराव ते चिमटीत धरून दोन ओळी लिहून बघणार, आणि लिहिता आलं की थोटूक परत त्याच्याच हातात ठेवणार. साहजिकच कचेरीने त्यांचं बारसं पुन्हा केलं. ते नाव त्यांच्या पाठीमागे घेतलं जाई, पुढे तोंडावरही घेतलं जाऊ लागलं, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडलं होतं. माणसाचं नाव त्याच्या कामावरून पडावं यात वाईट काय, असं ते बायकोला म्हणाले. बायको त्या वेळी ताईच्या फ्रॉकची उसवलेली शिवण धाकटीसाठी पुन्हा शिवत होती.

तर अशा या घरात, कपाटाच्या वरच्या खणात, निळ्या डबीत ताईची प्लेट होती.

ताईचा वरचा जबडा लहानपणी अरुंद होता, त्यामुळे दातांना जागा पुरेना आणि ते एकमेकांच्या खांद्यावर चढून बसले होते. दात सरळ करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तिला प्लेट करून दिली. टाळूला चिकटून बसणारा गुलाबी प्लास्टिकचा तुकडा, पुढच्या दातांवरून जाणारी तार, दाढांना धरून ठेवणारे तारेचे आकडे, आणि प्लेटच्या मधोमध एक इवलासा स्क्रू. त्या स्क्रूला बारीक किल्ली लावून दर आठवड्याला थोडं फिरवायचं. प्लेट मधून रुंद होते आणि जाताजाता जबड्यालाही आपल्याबरोबर नेते. ताईचे दात सरळ झाले, पुढे तिला प्लेटची गरज उरली नाही. जपूनरावांनी प्लेट धुऊन, पुसून, सावलीत वाळवून ठेवून दिली, आणि त्याच दिवसापासून ते धाकटीच्या तोंडाकडे जरा आशेने बघू लागले.

आशा वाया गेली नाही. धाकटीचे पक्के दात आले आणि तेही दाटीवाटीने बसले. डॉक्टरीणबाईंनी आरसा आत घालून पाहिलं आणि म्हणाल्या, "हिलाही प्लेट लागेल. शनिवारी संध्याकाळी या, माप घेऊ."

"माप कशाला?" जपूनराव प्रसन्न हसले. "प्लेट आहे आमच्याकडे."

डॉक्टरीणबाईंनी त्यांना समजावून सांगितलं. प्रत्येकाचं तोंड वेगळं असतं, तोंडाचा साचा घेतात, त्यावर प्लेट घडवतात, एकाची दुसऱ्याला चालत नाही. जपूनरावांनी ते सगळं अगदी मान डोलवत ऐकून घेतलं. कचेरीतली माणसं नव्या खुर्चीसाठी पाठदुखीचं वर्णन करत, तेव्हाही ते असंच ऐकत असत.

"पण तिला स्क्रू आहे ना?" ते म्हणाले.

"आहे."

"मग झालं तर. ज्याला स्क्रू असतो ते कमीजास्त करण्यासाठीच असतं. नाहीतर स्क्रू कशाला देतील?"

"तो रुंद करण्यासाठी असतो."

"म्हणजे उलटा फिरवला की अरुंद."

"शनिवारी माप घेऊ," डॉक्टरीणबाई पुन्हा म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

परतीच्या वाटेवर धाकटी मनाशी काही ठरवत होती. तशी ती बोलकी, पण वस्तूंच्या बाबतीत तिने कधी हूं की चूं केलं नव्हतं. तिचा गणवेश ताईचा होता, बूट ताईचे होते, पुढे कापूस भरलेले. पुस्तकं ताईची होती आणि त्यांत ताईने पेन्सिलीने लिहून ठेवलेली उत्तरं होती. त्यांतली चुकीची उत्तरंही धाकटीने इमानाने उतरवली होती आणि त्याबद्दल बोलणीही खाल्ली होती. पण त्या दिवशी तिने दवाखान्यात शेजारच्या खुर्चीवर एक मुलगी बघितली होती, जिची प्लेट निळी होती आणि आत चमकी होती.

"बाबा, मला हिरवी हवी. चमकीवाली."

"चमकीने दात सरळ होतात का?"

"नाही."

"मग?"

धाकटी म्हणाली, "ती माझ्या मापाची असेल. बाकी माझं काहीच माझ्या मापाचं नाहीये."

ती रडली नाही, रुसली नाही, तिने नुसतं सांगितलं. जपूनरावांना आत कुठेतरी टोचलं. पण टोचलं म्हणून लगेच माल काढून देणारा माणूस स्टोअरकीपर होऊ शकत नाही. "बघू," ते म्हणाले. त्या घरात "बघू" म्हणजे काय, हे धाकटीला बोलता यायच्या आधीपासून कळत होतं.

प्लेटीची गोष्ट जिन्यापर्यंत गेली आणि मग सगळ्या इमारतीची झाली. समोरच्या काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अहो, आमच्या वेळी कुठे होत्या प्लेटी न् बिटी? सकाळी उठल्यावर अंगठ्याने दात दाबायचे. रोज. आपोआप मागे जातात." काकूंचे स्वतःचे सगळे दात रात्री कवळीच्या रूपाने वाटीत झोपत, पण जपूनरावांनी शेजारधर्म म्हणून तो विषय काढला नाही.

खालच्या मजल्यावरच्या निवृत्त ड्राफ्ट्समनने मात्र प्रकरण शास्त्रशुद्ध हाती घेतलं. त्याने उभ्या हयातीत नाल्यांवरचे पूल काढले होते आणि निवृत्तीनंतर त्याच्या हाताला काम नव्हतं. त्याने प्लेट टेबलावर ठेवली, डिव्हायडरने तिची मापं घेतली, तीन बाजूंनी तिचं चित्र काढलं. मग धाकटीला "आ" करायला लावून बाहेरूनच पट्टी धरली.

"जबडा म्हणजे शेवटी कमानच," तो म्हणाला. "फरक फार नाही. स्क्रू पूर्ण मागे घ्या, कडेला जरा कानस मारा, बसेल. पूल टिकतो तर प्लेट का टिकणार नाही?"

धाकटी आ वासून उभी होती, त्यामुळे तिचं मत कुणाला कळलं नाही.

शनिवार उजाडला. कचेरी अर्धा दिवस होती. संध्याकाळची दवाखान्याची वेळ यायच्या आत प्लेट धाकटीच्या तोंडात बसवून दाखवायची आणि डॉक्टरीणबाईंना माप घ्यायचे कष्टच पडू द्यायचे नाहीत, असा जपूनरावांचा बेत होता. दुपारची जेवणं झाल्यावर ते बाह्या सरसावून स्वयंपाकघरात आले.

"अहो, एकीच्या तोंडातली वस्तू दुसरीच्या तोंडात?" बायको म्हणाली. "निदान उकळून तरी घ्या."

तिने हे टोमणा म्हणून म्हटलं होतं. जपूनरावांनी ते सूचना म्हणून घेतलं. चहाच्या पातेल्यात पाणी ठेवून त्यांनी प्लेट उकळली, आणि हातात घेतलेलं काम ते कधीच अर्धवट करत नसल्यामुळे चांगली खळखळून उकळली. बाहेर काढली तेव्हा ती दिसायला तशीच होती. फक्त एका बाजूला किंचित पसरल्यासारखी वाटत होती, जशी उन्हात ठेवलेली साबणाची डबी वाटते. जपूनरावांनी ती दाबून पाहिली. "मऊ झाली आहे. उलट चांगलंच," ते म्हणाले. मग किल्ली लावून स्क्रू मागे घेतला आणि प्लेट धाकटीपुढे धरली.

धाकटीने ओठ घट्ट मिटले.

"अगं, काही होत नाही."

"दुखत नाही?"

"अजिबात नाही."

"मग आधी तुम्ही घाला," धाकटी म्हणाली.

ताई फिसकन हसली. इथे जपूनरावांना माघार घेता आली असती, पण त्यांच्या धंद्याचा मान आडवा आला. कचेरीत आलेली प्रत्येक वस्तू ते आधी स्वतः वापरून बघत. खुर्ची आली की तिच्यावर बसत, टॉर्च आला की तो लावत, एकदा तर आग विझवायचं नळकांडं त्यांनी भांडारातच सोडून पाहिलं होतं आणि दोन दिवस फेस पुसला होता. तेव्हा त्यांनी शांतपणे चष्मा सारखा केला, तोंड उघडलं आणि प्लेट वर सरकवली. "टक" असा आवाज झाला.

"बघ," त्यांना म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते कुठल्याही भाषेत लिहिण्यासारखं नव्हतं.

पहिली काही मिनिटं त्यांनी हसतमुखाने काढली. मग प्लेट काढायला बोट घातलं. प्लेट हलेना. त्यांनी एका बाजूने ओढली, मग दुसऱ्या बाजूने ओढली. बायकोने रुमाल धरून ओढली, तेव्हा प्लेटऐवजी जपूनरावच पुढे आले. शेवटी ते किल्ली घेऊन आरशासमोर उभे राहिले. स्क्रू अजून थोडा मागे घेतला की सुटेल, हिशेब सोपा होता. स्क्रूजवळ एक बाण कोरलेला होता. आरशात बाण उलटा दिसतो हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी उलट्याचं सुलटं केलं. पण आपण वर टाळूकडे बघत आहोत, तेव्हा सुलट्याचं पुन्हा उलटं धरायचं की नाही, यावर त्यांनी बराच विचार केला आणि ठामपणे किल्ली फिरवली. प्लेट ताणून बसली. सुटली नाही म्हणून त्यांनी आणखी फिरवली. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी किल्ली बायकोकडे दिली.

दारात गर्दी झाली होती. काकू म्हणाल्या, "अंगठ्याने दाबा, अंगठ्याने." ड्राफ्ट्समन म्हणाला, "कानस आणू का?" जपूनरावांनी दोघांकडे अशा नजरेने पाहिलं की दोघंही आपापल्या घरी गेली.

दवाखान्याची वेळ झालीच होती. जपूनराव तोंडाला रुमाल लावून निघाले आणि धाकटीने त्यांचा हात धरला. एरवी रस्ता ओलांडताना तेच तिचा हात धरत. आज डावी-उजवीकडे बघून "चला" म्हणायचं काम तिने केलं. कोपऱ्यावर नेमके कचेरीतले साहेब समोर आले, पिशवीत पाव घेऊन.

"बरे भेटलात," साहेब म्हणाले. "माझ्या खोलीतल्या पंख्याचं काय ठरलं? आता तर तो वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त देतो. नवा देताय ना?"

हा पंखा कितीतरी वेळा दुरुस्त झालेला होता आणि अजून होऊ शकतो, असं जपूनरावांचं लेखी मत होतं. त्यावर ते दहा मिनिटं बोलू शकत. त्यांनी रुमाल बाजूला केला, तोंड उघडलं, लाळ आवरली आणि पुन्हा रुमाल लावला.

"काका, बाबांना आज बोलता येत नाहीये," धाकटी म्हणाली. "पण देतील ते पंखा."

जपूनरावांनी तिचा हात जोरात दाबला. तिनेही उलट त्यांचा हात दाबला. साहेब खूश होऊन, "वा, वा, आराम करा," म्हणत निघून गेले. धाकटी पुढे बघून चालत राहिली, पण तिच्या गालाला खळी पडलेली जपूनरावांनी पाहिली. त्यांना रागवायचं होतं, आणि तेही त्या दिवशी शक्य नव्हतं.

दवाखान्यात टेबलापाशी बसणाऱ्या बाईंनी मान वर केली. "कुणाची वेळ घेतली आहे?"

"माझी," धाकटी म्हणाली.

"मग यांना काय झालंय?"

"त्यांनी ताईची प्लेट घातली आहे. निघत नाहीये."

बाई विचारात पडल्या. "वेळ तुझी. प्लेट ताईच्या नावावर. तोंड यांचं. मी नोंद कुणाच्या नावे करू? यांचं नाव आमच्याकडे नाहीच."

धाकटीने बाबांकडे पाहिलं. जपूनरावांच्या भांडारात कुणी दुसऱ्याच्या नावावरची वस्तू तिसऱ्याच्या वेळेला घेऊन आला असता, तर त्यांनीही त्याला बाकावर बसवून ठेवलं असतं. ते गुमान बाकावर जाऊन बसले. शेजारी एक चिमुरडी आईच्या मांडीवर बसली होती. तिने त्यांना नीट निरखलं आणि विचारलं, "आजोबा, तुमचे पण दात वाकडे आहेत?" जपूनरावांना अजून कुणी आजोबा म्हटलं नव्हतं. ते भिंतीवरच्या दाढेच्या चित्राकडे बघत राहिले.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना खुर्चीवर आडवं केलं, दिवा ओढला, आत पाहिलं, आणि त्या हसल्या नाहीत. निदान तोंडावर मास्क असल्यामुळे तसं म्हणायला जागा होती, आणि त्याबद्दल जपूनरावांनी मनोमन त्यांचे आभार मानले.

"उकळली होती का?" त्यांनी विचारलं.

जपूनरावांनी डोळे मिटले. डॉक्टरीणबाईंनी स्क्रू आधी मागे घेतला, मग बारीक पकडीने एक आकडा कापला, थोडं हलवलं, आणि प्लेट ट्रेमध्ये पडली. जपूनरावांनी तोंड मिटून पाहिलं, उघडून पाहिलं. जीभ सगळीकडे फिरवून पाहिली. तोंड आपलं असणं ही केवढी चैन आहे, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

"एवढा आकडा काय, नवा लावता येईल," हे त्यांचं पहिलं वाक्य. हात ट्रेकडे गेलाच होता.

"थांबा. पुन्हा आ करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी आरसा आत घालून इकडून तिकडून पाहिलं. "मोठीला तपासलं तेव्हा मला वाटलंच होतं, हे घरातून आलेलं आहे. तुमचाही वरचा जबडा अरुंद आहे. पुढचे दात तसेच एकमेकांवर चढलेत. मिशीमुळे दिसत नाहीत एवढंच. म्हणून तर प्लेट अशी रुतली. दोन्ही मुलींना हे तुमच्याकडूनच मिळालंय."

धाकटी खुर्चीच्या पायाशी उभी राहून ऐकत होती. तिने यावर थोडा विचार केला.

"म्हणजे हेही जुनंच," ती म्हणाली.

"काय, बाळ?"

"माझा जबडा. आधी बाबांचा. मग ताईचा. मग माझ्याकडे आला."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. नव्या माहितीची तिने मनाशी नोंद केली होती, बस. पण खुर्चीवर आडव्या पडलेल्या जपूनरावांना एकदम गलबलून आलं. सगळं आयुष्य त्यांनी हिला दुसऱ्याचं वापरलेलं दिलं, आणि जिथे त्यांचा काही इलाज नव्हता, त्यांनी ठरवूनही टळलं नसतं, तिथेही तेच दिलं होतं. काटकसरीचा त्यांना अभिमान होता. पण इतकी काटकसर त्यांना खरोखर करायची नव्हती.

ते उठून बसले. "डॉक्टर, हिचं माप घ्या," ते म्हणाले. "आणि रंग दाखवा. असतील तेवढे सगळे."

धाकटी खुर्चीत बसली. डॉक्टरीणबाईंनी वाटीत गार गुलाबी लगदा कालवला, तो धातूच्या साच्यात भरला आणि तिच्या वरच्या दातांवर दाबून धरला. ताई या वेळेला ओकली होती, असं ताईनेच सांगून ठेवलं होतं. धाकटी नाकाने श्वास घेत, खुर्चीचे हात धरून, फोटोला बसावं तशी ताठ बसली. साचा निघाला तेव्हा लगद्यात तिच्या दातांचे खळगे उमटले होते, तिरके दातसुद्धा जसेच्या तसे.

"हे माझे?"

"तुझेच. दुसऱ्या कुणाचे असे नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

धाकटी ते खळगे कितीतरी वेळ बघत बसली. वाकडे दात इतक्या कौतुकाने बघणारं माणूस जपूनरावांनी पहिल्यांदाच पाहिलं.

मग रंगांचे तुकडे आले. हिरव्यात पोपटी होता, गडद होता, बाटलीसारखा होता. चमकीत रुपेरी होती आणि सोनेरी होती. धाकटीने एकेक तुकडा दिव्याखाली धरला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. बाहेर पुढचा पेशंट खोकला. टेबलाच्या बाईंनी दोनदा आत डोकावून पाहिलं. कचेरीत कुणी दोन टाचण्यांमधून एक निवडायला इतका वेळ लावला असता, तर जपूनरावांनी टाचणीच परत घेतली असती. इथे ते स्टुलावर आरामात बसून होते, आणि त्यांना घरी जायची अजिबात घाई नव्हती.

"पोपटी," धाकटी अखेर म्हणाली. "पण रुपेरी की सोनेरी?"

"दोन्ही घातल्या तर?" जपूनराव म्हणाले.

धाकटीने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

सोमवारी साहेबांच्या खोलीत नवा पंखा लागला. जपूनरावांनी मागणीवर सही करताना कारण विचारलं नाही, त्यामुळे दुपारपर्यंत ते राजीनामा देणार असल्याची बातमी दोन मजले फिरून आली. जुना पंखा मात्र शिपायांच्या खोलीत गेला. माणूस एका शनिवारात किती बदलणार?

धाकटीची प्लेट तयार होऊन आली तेव्हा ती ताबडतोब घालून घरी आली. पहिले काही दिवस तिचं बोलणं सुटं होत नव्हतं, तरी त्या दिवसांत ती एरवीपेक्षा जास्त बोलली. काकूंकडे साखर मागायला गेली आणि साखर न घेताच परत आली. ड्राफ्ट्समनने तिला पुन्हा आ करायला लावलं आणि "काम सुबक आहे," असा शेरा दिला. रविवारी सकाळी किल्ली फिरवायची ठरली होती. जपूनरावांनी बाण नीट बघून घेतला, डॉक्टरीणबाईंनी दाखवलं होतं तसं फिरवलं, आणि श्वास सोडला. मग सगळे चहाला बसले. धाकटीने बिस्किट खायला प्लेट काढली आणि बशीत ठेवली. खिडकीतून ऊन येत होतं आणि चमकी झकास दिसत होती.

ताई बशीकडे बघत होती. "माझी साधीच होती," ती म्हणाली. "गुलाबी." मग हात पुढे केला. "बघू, मला एकदा घालून बघू दे ना. एकदाच."

चहाचे कप थांबले. मोठीने धाकटीकडे काही मागण्याचा त्या घरातला तो पहिलाच प्रसंग होता आणि त्याची रीत कुणालाच ठाऊक नव्हती. बायकोने जपूनरावांकडे पाहिलं. "दे गं, ताईच आहे ना," हे वाक्य सवयीने त्यांच्या ओठांपर्यंत आलं होतं. त्यांनी एक अख्खं बिस्किट तोंडात कोंबलं.

धाकटीने बशी स्वतःकडे ओढली. प्लेट उचलली, नळाखाली धुतली, पुसली आणि डबीत ठेवली.

"तुला नाही बसणार," ती म्हणाली. "ती माझ्याच तोंडाची आहे."

ताईचा चेहरा पडला. धाकटीला ते बघवलं नाही. ती परत येऊन टेबलापाशी बसली, डबी मधोमध ठेवली आणि झाकण उघडलं.

"पण बघायला देते," ती म्हणाली.

ताई वाकली, आई वाकली. जपूनरावांनी चष्मा पुसला आणि तेही वाकले.

"हात नाही लावायचा," धाकटी म्हणाली, आणि जपूनरावांनी पुढे केलेलं बोट मागे घेतलं.